मेडशीचे तीन अर्थमंत्री

किस्से पाहुण्यांसारखे असतात. एकाला जेवायला बोलवा, तो मेव्हण्याला घेऊन येतो आणि मेव्हण्याचा साडू मागून पोचतो! मेडशीच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हाची एक गोष्ट परवा मित्रांना सांगायला बसलो, तर गावचे तिन्ही अर्थमंत्री रांगेत येऊन उभे राहिले.

हो, अर्थमंत्री! स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी देशाचं पहिलं बजेट आलं. पेपर अकोल्याच्या मोटरीनं उशिरा यायचा. शाळा सुटली की आमच्या वाचनमंडळात मी तो मोठ्यानं वाचायचो. त्या दिवशी सुखदेवकाकांनी मध्येच विचारलं, "मास्तर, हा अर्थमंत्री करते तरी काय?"

"देशाची तिजोरी सांभाळतो."

"मंग आपल्या मंडळाले काहून नाही?"

गावासाठी रेडिओ घ्यायचा म्हणून मंडळाची वर्गणी नुकतीच जमू लागली होती. काकांचा मुद्दा सगळ्यांना पटला. त्यांनाच अर्थमंत्री केलं!

*

देशाचा पहिला अर्थमंत्री वर्षभर टिकला. आमचा तेरा दिवस!

सुखदेवकाका म्हणजे मनाचा राजा. वर्गणी घेऊन रेडिओची चौकशी करायला वाशीमला गेले. बाजारात गावची चौदा माणसं भेटली. काकांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली, जिलेबी खाऊ घातली, वर चहा पाजला. परत आले ते हात हलवत.

"काका, वर्गणी कुठी गेली?"

"कुठी जाते? गावातच हाय. गावाच्या पोटात!"

रागवायची सोय नव्हती. रागवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी भजी खाल्ली होती.

*

दुसरे महादबा. हे दुसऱ्या टोकाचे. आल्या आल्या म्हणाले, "नवा पेपर कायले पायजे? मागच्या महिन्याचा वाचा. लोकं इसरले असतीन, नवाच वाटते!"

नवा पेपर बंद व्हायचा कसाबसा टळला. पण तिजोरी रिकामी ती रिकामीच. एक दिवस मी वाचत असताना महादबा ताडकन उठले, "आजपासून टॅक्स! वाचन चालू असताना जो मधात बोलीन, त्यानं एक शेर ज्वारी द्यावी!"

मी पेपर खाली ठेवला. "महादबा, आत्ता वाचनच चालू होतं."

महादबा निमूट घरी गेले आणि शेरभर ज्वारी घेऊन आले. देशात स्वतःच्या टॅक्सचा पहिला बळी ठरलेला मंत्री आमचाच असावा!

पण टॅक्स चालला. गप्प बसणं आमच्या लोकांच्या रक्तातच नाही. उन्हाळा यायच्या आत कणगी अर्धी भरली.

*

एकदा तहसीलदारसाहेब गावात आले. वाचन चालू होतं. साहेब दारातूनच गरजले, "काय चाललंय इथे?"

सगळे उभे. महादबा पुढे झाले, हात जोडले. "साहेब, वाचन चालू हाय. अन् तुमच्याकडं एक शेर ज्वारी निंगाली."

नोकरी जाते आता! मी चाचरत नियम सांगितला. साहेबांनी ऐकला, महादबांकडे रोखून पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, "दोन शेर द्या यांना. मला अजून एकदा बोलायचंय!"

*

महादबा पडले ते झोपेनं. एका संध्याकाळी भर वाचनात घोरले. घोरणं म्हणजे बोलणं का, यावर तासभर वाद झाला. मंडळानं ठरवलं, हो. महादबा म्हणाले, "झोपेतल्या माणसावर टॅक्स? हा अन्याव हाय!" आणि तत्त्वासाठी राजीनामा दिला. शेरभर ज्वारी मात्र देऊन गेले.

तिसऱ्या आल्या गिरजाकाकू. एकट्या बाईनं चार एकर कसून दोन लेकी नांदत्या केलेल्या. अक्षरओळख नव्हती. पण त्यांच्या हाती कारभार गेला आणि कणगी शिगोशीग भरली.

ज्वारी विकून आम्ही काकूंसोबत अकोल्याला गेलो. दुकानदारानं रेडिओ दाखवला, भाव ठरला. मग तो म्हणाला, "गावात वीज नाही ना? बॅटरीचे पैसे वेगळे पडतील."

काकूंनी पदर खोचला. "भाऊ, बैल इकतानी शेपटीचे पैसे वेगळे घेतेत का?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. दुकानदारानं बॅटरी फुकट बांधून दिली!

*

मेडशीत रेडिओ बैलगाडीतून, वाजतगाजत आला. एकोणपन्नास सालच्या बजेटला देशाचे अर्थमंत्री रेडिओवर बोलणार होते. अख्खं गाव शाळेच्या अंगणात. खरखर थांबली, आवाज आला. भाषण इंग्रजीत!

लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर सगळी तोंडं माझ्याकडे वळली. "मास्तर, काय म्हणे?"

माझं इंग्रजी शाळेच्या पाटीपुरतं. मी घाम पुसायला लागलो. तेवढ्यात गिरजाकाकू उठल्या.

"मी सांगतो. तो म्हणे, घरात हाय तेवढ्यात भागवा. मागनारे लय हायेत. पन भेऊ नका, घर आपलं हाय."

सुखदेवकाका चाट. "गिरजा, तुले इंग्रजी येते?"

"इंग्रजी कायले पायजे? ज्याच्या हाती घराचा कारभार असते, त्याचा आवाज मले समजते."

लोक हसले. मीही हसलो, सुटलो म्हणून.

दुसऱ्या दिवशी अकोल्याची मोटर आली. पेपरात भाषण मराठीत छापलेलं. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. आवाज माझा होता, पण माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळं मंडळ गिरजाकाकूंकडे बघत होतं.

काकू तूर निवडत होत्या. माझं वाचून झालं तेव्हा त्यांनी मान वर केली. "मंग मास्तर? नवीन काय सांगतलं पेपरानं?"