याडीच्या हाताचा व्हिडिओ

फुलसावंगीपलीकडच्या तांड्यात कोणाचं ब्लाऊज घट्ट झालं की लोक एकच सांगतात, "बबिताकडे टाका." प्रेमसिंग आड्यांची ही लेक चौतिशीची, अंगानं काटकुळी अन् तोंडानं फटकळ. माप घेताना गिऱ्हाइकानं पोट आत ओढलं तर टेप सोडून उभी राहते. "जेवल्यावर श्वास कोंडून बसणार हाव काय?" म्हणते.

नवऱ्याच्या माराला कंटाळून आठ वर्षांपूर्वी ती एक पिशवी अन् शिलाई मशीन घेऊन बापाच्या दारात उतरली. प्रेमसिंगनं काही न विचारता मशीन उचलून आत ठेवलं. आई हंसाबाई मात्र चुलीपुढून उठली नाही, अन् त्या दिवसापासून लेकीशी बोलणंच टाकलं. वाढायची, ताप आला तर कपाळावर हात ठेवायची, पण शब्द म्हणून नाही. पाच वर्षं! आता याला काय म्हणावं?

अन् ही हंसाबाई म्हणजे कांचळीतली उस्ताद. कांचळी म्हणजे बंजारा बायांची आरसे-कवड्यांची चोळी. तिच्या काठावर हंसाबाई एकात एक गुंतलेला असा टाका घालायची की भल्याभल्या बाया बोटांनी चाचपून पाहायच्या. बबिता शिकायला जवळ बसली रे बसली की आई काम गुंडाळून ठेवायची.

तीन वर्षांपूर्वी हंसाबाई गेली. जाण्याच्या चार महिने आधी बबिताच्या धाकट्या भावानं, बबलूनं, जो पुसदला लग्नांचं शूटिंग करतो, कॅमेरा लावून तिच्या कामाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. "चेहरा नको, हात काढ," एवढंच ती म्हणाली. बबिता त्या दिवशी मशीनचे पार्ट आणायला यवतमाळला गेलेली. याडीनं, म्हणजे आईनं, आपल्याला माफ केलं होतं की नाही, हा किडा तिचं डोकं कायम पोखरत राहिला. विचारणार कोणाला?

यंदा शेजारच्या बसंतीबाईच्या नातीचं लग्न ठरलं. बसंतीबाई म्हणाली, "कांचळी हंसाच्या टाक्याची पाह्यजे. जमते का तुले?"

"जमते," बबिता बोलून गेली, अन् घरी येऊन तिला घाम फुटला.

मग तो व्हिडिओ आठवला. मोबाइलवर घ्यावा तर फाइल एवढी मोठी की मोबाइल घेईना. बबलूचा जुना कम्प्युटर घरी होता, व्हिडिओ त्यातही होता, पण त्याचा मॉनिटर जळालेला. म्हणून तो टीव्हीला जोडला. पहिल्या केबलनं सगळं धुकट दिसलं. बबलूनं पुसदहून एचडीएमआय केबल पाठवली, तर चित्र स्वच्छ झालं पण दर दोन सेकंदांनी अडकायला लागलं. दोन दिवस फोनवर बोलणी खाऊन तिनं दुसरा प्लेअर टाकला, अन् तिसऱ्या दिवशी हंसाबाईची सुई टीव्हीभर चालायला लागली. एकेक टाका बोटाएवढा! नखाची चीर दिसत होती, करंगळीवरचा भाजल्याचा डाग दिसत होता. प्रेमसिंग दोन मिनिटं पाहत बसला अन् बैलाला पाणी पाजायचं आहे म्हणून उठला. बैलाला त्यानं आत्ताच पाजलं होतं.

महिनाभर रोज दुपारी, लाइन असली की, बबितानं व्हिडिओ थांबवायचा, टाका घालायचा, पुन्हा थांबवायचा. पाच-सहा टाके झकास यायचे, मग गुंफण अशी वाकडी जायची की सगळं उसवावं लागायचं. किती वेळा उसवलं असेल! कापडाला भोकं पडायची वेळ आली. शेवटी एका दुपारी तिनं सुई टोचून ठेवली अन् बापाला म्हणाली, "बा, याडीनं कॅमेऱ्यापुढंही हातचं राखलं. मले द्यायचंच नव्हतं तिले." प्रेमसिंग चष्मा पुसत राहिला.

कापड बसंतीबाईला परत करायचं अन् कम्प्युटर बांधून ठेवायचा, असं तिनं ठरवलं. बांधायच्या आधी बबलूला फोन लावला.

"हे सोडून राह्यली मी. कम्प्युटर नेऊन जाय तुहा."

"बरं बाई, नेतो. आधी नीट बंद कर. खाली डाव्या कोपऱ्यात बटन आहे, ते दाब."

"कोपऱ्यात बटन नाही."

"काहून नाही? मंग इतके दिवस बंद कसा करत होती?"

"भिंतीवरचं बटन दाबून."

बबलूनं फोनवर कपाळ बडवल्याचा आवाज आला. "अवो, वाट लावली तू त्याची! घड्याळ दिसते काय, उजव्या कोपऱ्यात?"

"नाही. चित्र आहे अन् मंग सरळ टीव्हीची काळी चौकट."

बबलूनं विचारलं, "टीव्ही झूमवर आहे काय?"

झूमवर कोणी टाकला, ते प्रेमसिंगच्या चेहऱ्यावरच दिसलं. टीव्ही नवा आला तेव्हा जुन्या सिनेमांच्या दोन्ही बाजूंना काळं दिसायचं. टीव्ही एवढा मोठा घेतला अन् चित्र कमी काहून, म्हणून त्यानंच कोणाकडून तरी चित्र ताणून घेतलं होतं. तेव्हापासून तो टीव्ही चारी बाजूंनी वीत-वीत चित्र खात होता, अन् घरात कोणाला पत्ता नव्हता.

बबितानं रिमोट घेतला, बबलूनं सांगितलं तसं पिक्चर साइज बदलली. घड्याळ दिसलं, बटन दिसलं. बंद करण्याआधी एकदा पाहावं म्हणून तिनं व्हिडिओ सुरुवातीपासून लावला.

कापड गुडघ्याखाली दाबलेलं, उजव्या हातात सुई. आजवर डाव्या कडेला नुसत्या बांगड्या हलताना दिसायच्या. आता तिथं अख्खा डावा हात होता, तळवा कॅमेऱ्याकडे केलेला. प्रत्येक टाक्याला हंसाबाईचा अंगठा बोटाच्या एकेका पेरावर टेकत होता. एक, दोन, तीन, चार, पाच. मग मूठ मिटली, सुई कापडाखालून उलटी गेली, वरून पत्ताही न लागता. पुन्हा मूठ उघडली. एक, दोन, तीन. पुन्हा मिटली. सावकाश. चाळीस मिनिटं तसंच.

प्रेमसिंग पुढं सरकून बसला. "हे काय करते?" तो म्हणाला. "जलमभर कधी टाके मोजले नाही तिनं. भांडता भांडता कांचळी पुरी करायची. तिले कायले मोजा लागते?" मग त्यानं लेकीकडे पाहिलं अन् आवाज खाली आला. "बबलूले तर सुईत दोराही ओवता येत नाही."

बबिता हुंदके देऊन रडली, पदर तोंडात न कोंबता, मोठ्यानं. फोनवर बबलू विचारत होता, "काय झालं वो बाई? बंद झाला काय कम्प्युटर?" तिनं डोळे पुसले, कापड मांडीवर ओढलं अन् सुई हातात घेतली.

"हो याडी," ती टीव्हीकडे पाहून म्हणाली. "पाच. मंग तीन. समजलं मले."