पाण्याचं घड्याळ

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि एखाद्याबद्दल चार पानं लिहावीत इतका माणूस आपल्याला कळतो का, याची मला अजून खात्री नाही. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहितोय ते शिकलेले, वयानं मोठे, आणि माझी दाढ काढणारे. पण त्यांना हात धुताना मी जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. एवढाच माझा अधिकार.

तेव्हा हात धुण्यापासूनच सांगतो.

भोरमध्ये त्यांचा दातांचा दवाखाना होता. बेसिनशेजारी एक पांढरा रुमाल घडी करून ठेवलेला असायचा. पेशंट खुर्चीत बसला की डॉक्टर मनगटावरचं घड्याळ सोडायचे, रुमालावर ठेवायचे, रुमालाचं टोक त्याच्यावर ओढायचे आणि मगच नळ सोडायचे. हात पुसून, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या झाल्या की घड्याळ परत मनगटावर. पुढचा पेशंट आला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. विशेष इतकंच, की ती घड्याळं पाणबुड्यांची होती. समुद्राच्या तळाशी जाण्यासाठी बनवलेली.

बाहेरच्या बाकावर बसलेलं कोणीतरी हटकायचंच.

"डॉक्टर, घड्याळ पाण्याचं ना? मग पाण्याला भितं कशाला?"

"घड्याळ नाही भीत," ते म्हणायचे. "मी भितो. आ करा. मोठा."

मी पासली गावचा. कॉलेजसाठी दवाखान्याच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. खोलीला नळ नव्हता, त्यामुळे बादली भरायला मागच्या दारानं दवाखान्यात यावं लागायचं. तिथून मला सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. पेशंटचं तोंड उघडं आणि त्यात आरसा, अशा वेळी डॉक्टरांना घड्याळांबद्दल बोलायला सुचायचं. काचेभोवतीचं फिरतं कडं कशासाठी, काट्यांवरचा रेडियम जुना होऊन तुपाच्या रंगाचा कसा होतो, चावीला आटे का असतात, सगळं. पेशंटनं "अं" केलं की म्हणायचे, "बोलू नका, फक्त ऐका."

ही सगळी जुनी, सेल न लागणारी घड्याळं. बोटीवर नोकरी करून आलेल्यांच्या घरांतून, जुन्या बाजारांतून, कुठूनकुठून त्यांनी मिळवलेली. ती खणात कापसावर निजलेली असत आणि शेजारी बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. कोणी नवे बूट घालून आला की डॉक्टर आधी पुडी मागायचे, मग दात बघायचे. "ओल वाईट," ते म्हणायचे. "दाताला वाईट, घड्याळाला वाईट."

आणि एवढं पाण्याचं बोलणारा माणूस स्वतः घोट्यापेक्षा खोल पाण्यात कधी उतरला नव्हता.

माझी दाढ काढली त्या दिवशी खणातलं एक चित्र त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे धरलं. घड्याळांची फार थोडी बनवली गेलेली एक जात. तबकडीवर खालच्या बाजूला एक गोल ठिपका, अर्धा निळा, अर्धा गुलाबी. घड्याळात ओल शिरली की निळा अर्धाही गुलाबी होतो, म्हणजे पाणबुड्याला पाण्यातच कळतं. "हे मी आयुष्यात एकदाही हातात धरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. मी काहीतरी सांगायला धडपडलो. "बोलू नका, फक्त ऐका." ओठ बधिर, तोंडात कापूस. शेवटी मी त्यांचा हातच धरला आणि जमेल तसं सांगितलं, की हा ठिपका मी बघितलाय. भाटघरला. आमच्या आजीच्या खुंटीला.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

ही माझ्या आईची मावशी. तिचा नवरा धरणावर पाणबुड्या होता. दरवाज्यांत काही अडकलं की खाली जायचा. दुरुस्तीसाठी बाहेरून आलेल्या एका साहेबानं जाताना आपल्या हातातलं घड्याळ त्याला दिलं होतं. आम्ही गेलो तेव्हा आजी अंगणात भात वाळवत होती. डॉक्टरांनी नमस्कार केला, तिनं "जय भीम, बसा" म्हणून घोंगडी टाकली आणि मला विचारलं, "ह्ये कोन?"

"दातांचे डॉक्टर."

"मला दात कुठं हायेत?"

घड्याळ खुंटीवरून काढून तिनं दोनदा हलवलं. ते टिकटिकायला लागलं. डॉक्टरांनी खिशातला रुमाल तळहातावर पसरला, मग ते घेतलं, आणि चष्मा कपाळावर सारून तबकडी डोळ्यांजवळ नेली. ठिपका अर्धा निळा होता. भाटघरची हवा, चुलीचा धूर, इतके पावसाळे, आणि तरीही निळा. मग ते म्हणाले, "मावशी, हा ठिपका कशाचा, माहीत आहे का?"

"मला इचारता व्हय?" आजी हसली. "आमचा मानूस पान्यातनं वर आला की आदी ह्यो हात पुढं करायचा. 'बग, निळा हाय. त्ये बी कोरडं, मी बी बरा.' मंग म्या भाकरी टाकायची. पान्यानं न्हाई नेला त्येला, दम्यानं नेला. ह्ये कवाच गुलाबी झालं न्हाई."

त्यानंतर डॉक्टर भाटघरला वरचेवर जायला लागले. आजीनं काही मागितलं नव्हतं, तरी तिला कवळी करून दिली. तिनं ती लावून त्यांच्यासमोर शेंगदाणे खाल्ले, आरशात बघितलं, खूश झाली. घड्याळ खुंटीलाच.

"मावशी, आता तरी..."

"कवळीचं कवळीपाशी, घड्याळाचं घड्याळापाशी. तुमी काय करनार त्येचं?"

"जपेन. कापसात ठेवेन."

"मढं निजवत्यात तसं? न्हाई द्येयाची. ह्ये पान्यात जानारं हाय. ह्ये घालून पान्यात जाऊन या, माज्याम्होरं हात करा, आन् घिऊन जावा. माजी बोली हीच."

परतीच्या एसटीत डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. "आतली रबराची रिंग वाळून कडक झाली असणार," ते म्हणाले. "पाण्यात गेलं की ओल शिरणार. ठिपका गेला की त्या घड्याळात उरलं काय?" उघडून नवी रिंग बसवता आली असती, पण आजी घड्याळ उघडूही देत नव्हती आणि घराबाहेरही नेऊ देत नव्हती. मग म्हणाले, "आणि मला पोहता येत नाही." आधी घड्याळ, मग स्वतः, या क्रमानं म्हणाले. तो क्रम मला अजून आठवतो.

मला वाटलं, आता हे संपलं. पण पुढच्या रविवारी सकाळी डॉक्टर खाली उभे. पायजमा, बनियन, वर शर्ट, आणि हातात रिकामा तेलाचा डबा. "चल," म्हणाले.

आमच्याकडे पोहायला असंच शिकतात, पाठीला डबा बांधून. पण ते लहानपणी. साठी ओलांडलेला, चष्म्याचा डाग नाकावर असलेला, पांढऱ्या पायांचा माणूस डबा बांधून धरणाच्या पाण्यात उतरला तेव्हा कपडे धुणाऱ्या बायकांनी पिळे हातातच धरले.

"डाक्टर, डबा त्येलाचा हाय का तुपाचा?"

"आवो, दात नगा वाजवू, हात मारा!"

कमरेला दोरी बांधलेली, आणि दोरीचं टोक आजीच्या हातात. काष्टा मारून ती गुडघाभर पाण्यात उभी. "दोरी धरनारा पायजे," ती म्हणायची, "मंग मानूस खाली जातो." डॉक्टर दोन हात मारायचे, पाणी गिळायचे, डोळे मिटून डब्याला लोंबकळायचे.

"पाय मारा, पाय! दाढ उपटताना कसं जोर लावता?"

"मावशी, दाढेला तळ असतो!"

रविवारमागून रविवार हे चाललं. घड्याळ मात्र घरीच, खुंटीला. ते फक्त त्या दिवसासाठी. दवाखान्यात डॉक्टर तसेच होते: रुमाल, नळ, "आ करा". फक्त नाकात पाणी गेल्यामुळे सोमवारी आवाज बसलेला असायचा. खणातल्या घड्याळांवर आता ते पूर्वीइतकं बोलत नसत. एकदा मी बादली भरत होतो तेव्हा म्हणाले, "तुला सांगतो, हे सगळं मी वाचलेलं. खाली अंधार असतो, थंडी असते. वाचलेलं." आणि नळ सोडला.

मी पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेलो तेव्हा डबा सुटलेला नव्हता. फोनवर विचारायचो, "सर, पोहणं?" ते म्हणायचे, "बोलू नकोस, फक्त ऐक," आणि दुसऱ्याच कुठल्या घड्याळाबद्दल सांगायचे. मग तेही थांबलं. फोन वाजत राहायचा. मी ओळखलं, की हा माणूस किनाऱ्यावर बसला. ठिपक्यासाठी बसला की भीतीनं, ते मला ठरवता येईना. पण दोष द्यावासाही वाटेना.

परवा आजीचा फोन आला. ती मोबाईल कानापासून लांब धरून बोलते, जणू भाटघरहून पुण्याला हाक मारतेय.

"ऐकतुयास का? तुजा डाक्टर पवला!"

"काय सांगतेस!"

"डबा न्हाई, दोरी न्हाई. दोरी म्या सोडली, त्येला सांगितलंच न्हाई. घड्याळ हातात घातलं, त्या पान्यातल्या वाळक्या बाभळीला हात लावला आन् म्हागारी आला. काठाला आल्यावर दोरीचं मोकळं टोक बगितलं, मंग घाबरला."

"आणि आजी... ठिपका?"

तिनं आवाज आणखी चढवला.

"गुलाबी झाला. हात म्होरं केला तवा दोगांनी बी बगितला. लई येळ बसला मग डाक्टर, वल्ल्या बनियनवर. म्या म्हनलं, त्यो ठिपका जाऊ द्या, मानूस वर आला का न्हाई? मंग हसला."

"आणि घड्याळ?"

"दिलं की. बोली म्हंजी बोली. कवा चालतं, कवा न्हाई." लगेच पुढे म्हणाली, "काल कवळी घासून घ्याया गेल्ते भोरला. डाक्टर हात धूत व्हता. नळ सोडलेला, आन् घड्याळ हातातच! म्या वरडले, आवो डाक्टर, घड्याळ! तर वळून बगितलं बी न्हाई."

"काय म्हणाले?"

"म्हनला, मावशी, आ करा. मोठा."