रुख्माबाईचा दाणा

सौंदडची रुख्माबाई अकरा वर्षं धानाच्या रोवणीच्या टोळीची पुढारीण होती. तिला निवडलं कोणी, असं विचाराल तर कोणीच नाही. सासू थकली, सून पुढे झाली, झालं! एकोणीस बायांची टोळी. चिखल केलेल्या बांधीत पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली मूठ रुख्माची, आणि तिच्या ओळीला ओळ लावत बाकीच्यांनी मागे सरकायचं. मालकाशी बोलणार ती, पाणी प्यायची सुट्टी देणार ती. या मानावर तिचा फार जीव होता.

सत्तावन्नच्या निवडणुकीत एका पक्षाचा प्रचारक छोटेलाल गोंदियाहून गाडीनं उतरला तो थेट तिच्या अंगणात.

"देखो रुख्माबाई, दिल्लीत ज्या पक्षाची डोकी जास्त, त्याचाच पुढारी राज चालवतो. तो म्हणेल तिकडे साऱ्यांनी हात वर करायचा."

"मंग आमची टोळीच झाली ना! आन् त्या पुढाऱ्याले कोन निवडते?"

"निवडून आलेले लोकच. बैठकीत."

"आन् ज्याईची डोकी कमी, ते कोठी जाते?"

"ते समोर बसतात. दिवसभर सवाल पूछते रहते हैं."

रुख्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. काम नाही, धाम नाही, नुसतं विचारत बसायचं!

छोटेलालचा डोळा अर्थातच एकोणीस मतांवर होता. पुढारीण वळली की टोळी वळली, हा त्याचा हिशोब. रुख्मानंही होकाराची मान हलवली.

पण मतदानाच्या दिवशी भलतंच झालं. बावन्न साली यादीत तिला नुसतं 'कवडूची बायको' म्हणून लिहिलं होतं आणि स्वतःचं नाव नाही म्हणून ते खोडलं गेलं होतं, त्यामुळे शाळेत मतदानासाठी लावलेल्या पडद्यामागे ती पहिल्यांदाच शिरत होती. आत चित्रं चिकटवलेल्या पेट्या, आणि माणूस एकही नाही. नवरा नाही, मालक नाही, छोटेलाल नाही. तिला एकदम गुदगुल्या झाल्यासारखं झालं. चिठ्ठी टाकून ती बाहेर आली तेव्हा चेहरा लालबुंद होता.

"कोनत्या पेटीत टाकू वं?" रांगेतल्या बाया विचारू लागल्या.

"मी नाई सांगत. आत जा, गंमत पाहा!"

छोटेलालनं कपाळाला हात लावला. बाया एकेक करून आत गेल्या आणि पदर तोंडाला लावून खिदळत बाहेर आल्या.

ही गंमत रोवणीच्या तोंडावर रुख्माच्याच अंगाशी आली. टोळीतली धुरपता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दिल्लीच्या पुढाऱ्यासाठी मतं देऊन राहिलो, मंग टोळीच्या पुढारणीसाठी कायले नाई?"

नाही म्हणायचं कसं? पडद्याची चटक रुख्मानंच तर लावली होती. धुरपताच्या गोठ्यात लुगडं आडवं बांधलं, मागे दोन मडकी ठेवली. विळा काढलेलं रुख्माचं, टोपली काढलेलं धुरपताचं. एका बाईला धानाचा एक दाणा. खिदळण्याचा असा गोंधळ की बैल बिचकले.

रुख्मा आत गेली आणि दाणा घेऊन उभीच राहिली. जन्मभर तिनं साऱ्यांना वाढून मग उरलेलं घेतलं होतं. आपला दाणा आपल्याच मडक्यात टाकायचा म्हणजे घरचे ताटकळत बसलेले असताना आपलंच ताट आधी भरून घेण्यासारखं वाटलं तिला. लाज वाटली. तिनं तो टोपलीच्या मडक्यात टाकला.

मोजले. विळा नऊ, टोपली दहा.

क्षणभर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांचा मान एका दाण्यानं गेला, आणि तो दाणा कुठून आला हे तिला पक्कं ठाऊक होतं! मग तिला असं हसू फुटलं की आवरेना.

घरी कवडूनं विचारलं, "कोनं पाडलं तुले?"

"मीच!"

दुसऱ्या दिवशी पहिली मूठ धुरपतानं रोवली. रुख्मा बरोबर तिच्या समोर, बांधीच्या पलीकडल्या टोकाला उभी राहिली.

"धुरपते, ओळ वाकडी काऊन?"

थोड्या वेळानं, "मालकाले बोलली का? नाई बोलली? काऊन नाई बोलली?"

दिवसभर हेच. बाया चिखलात बसून हसल्या. धुरपता रडकुंडीला आली, पण त्या हंगामात ओळी अशा सरळ लागल्या की मालक शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून बघत बसे.

पुढच्या वर्षी पुन्हा मडकी ठेवली. बाया त्याच, एकोणीस. रुख्मा पडद्यामागे गेली. लाज या खेपेलाही वाटली. तिनं डोळे मिटून घेतले आणि दाणा विळ्याच्या मडक्यात टाकला.

विळा दहा, टोपली नऊ.

दुसऱ्या दिवशी रुख्मा ऐटीत बांधीत उतरली. हातात मूठ घेऊन वाकते तोच पलीकडल्या टोकावरून धुरपताचा आवाज आला.

"रुख्मे, आज टोळी उशिरा काऊन आली?"