दादा, धोबी आणि पाहुणे

फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून घेत होते. शेजारचा बबन म्हणाला, "वहिनी, दादा गेले. खुर्चीतच… झोप लागल्यावानी." कुठली खुर्ची, हे विचारावं लागलं नाही. निमगाव सावाच्या आमच्या मळ्याखालून ओढा जातो. त्याच्या काठी करंजाखाली दादांची हिरवी प्लास्टिकची खुर्ची हिवाळाभर असायची.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. मंचरच्या शाळेत शास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्यावर गावी परतले. दिवाळीच्या सुमारास त्यांचं हृदय फार थकलं. डॉक्टर म्हणाले, ताकद थोडी आहे, बेतानं वापरा. मुलगा प्रसाद त्यांना पुण्याला न्यायला आला. दादा म्हणाले, "उन्हाळ्यात येतो. आत्ता धोबी आलेत." पोटाशी पिवळा, सारखी शेपूट हलवणारा हा पक्षी दर हिवाळ्यात हिमालयाकडून आमच्या ओढ्यावर येतो. प्रसाद चिडला. मी म्हटलं, "राहू दे त्यांना. औषधं मी बघते."

सकाळी चहा घेऊन गेले की ते दाखवायचे. "बघ, पाण्याकडेनं चालतोय. चालणं स्वस्त, उडणं महाग. दिवस छोटा, रात्र गार. उजेड आहे तोवर रात्रीपुरतं पोटात पडलं पाहिजे." दुसरा धोबी आला की पहिला कधी त्याला हाकलायचा, कधी चरू द्यायचा. किडे मुबलक असले तर भांडणात ताकद कशाला घालवायची, असं दादांचं म्हणणं.

मला ते इतकं पटलं की त्याचे कष्ट वाचावेत म्हणून एकदा मी मूठभर बाजरी दगडांवर टाकून आले. थोड्याच वेळात साळुंक्या, चिमण्या, वर कावळे… आणि धोबी बाजूच्या दगडावर मान वर करून उभा. दादा हसता हसता खोकायला लागले. "अगं, तो किडे खातो. तू त्याच्याकडे पाहुणे बोलावलेस. आता त्यांच्यावर नजर ठेवण्यातच त्याची सकाळ जाणार."

मला आमची ओसरी आठवली. तब्येत विचारायला माणसं यायची, दादा प्रत्येकासाठी उठून बसायचे, आजार पहिल्यापासून सांगायचे. दुपारी घास चावायचीही ताकद उरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून मी फाटकाशी उभी राहिले. चहा घ्या, माझ्याशी बोला, ते कामात आहेत.

"आजारी माणसाला कसलं आलंय काम?" बबननं विचारलं.

"पाखरं बघायचं."

"मग तर लई बिझी हैत राव!"

लोक मला खडूस म्हणाले. म्हणोत. दादांचं जेवण वाढलं, सकाळचं बसणं एकदाही चुकलं नाही. कोणी ओढ्यापर्यंत पोचलाच, तर खुर्चीवरचा हात न उचलता ते नुसता तळवा वर करायचे. थांब, तो चरतोय.

दहाव्याला प्रसाद म्हणाला, "काकू, पुण्याला नेलं असतं तर…"

"तर कदाचित आणखी थोडे जगले असते. पण हा हिवाळा त्यांना मिळाला नसता."

तो उठला. एकटाच ओढ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता ऊन तापायला लागलंय, धोबी जायला निघालेत. परवा खुर्ची उचलून आणायला गेले आणि जरा टेकले. समोर एक धोबी पाण्याकडेनं चालत होता. मागून बबन ओरडला, "वहिनी, बसलात का? बरं नाय का?"

खुर्चीवरचा माझा तळवा तेवढा वर झाला. बबन होता तिथंच थांबला.