वाटेवरचं जनावर

माझ्या साडूकडे जीप होती. माझ्याकडे सायकल होती आणि मालवणच्या बाजारात काथ्या-सुंभाचं दुकान. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने माझ्याहून लहान, बांद्याच्या पलीकडे डोंगरात घर, काजूची बाग, भातशेती, आणि त्यात भर म्हणून कुठल्याशा लिलावात घेतलेली ती जुनी जीप. देवबागला सासरी गेलो की सासूबाई सुरमईची मधली तुकडी त्याच्या पानात वाढायच्या. का, तर त्या बिचाऱ्याला डोंगरात ताजी मासळी कुठली मिळायला. मला शेपटीकडची. मी मालवणचा, मला काय कमी. हा हिशेब मला कधीच पटला नाही, पण जावयाने मासळीवरून तोंड उघडायचं तरी कसं?

गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या एका काजूच्या हंगामात त्याने आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाला, दोडामार्गाच्या पुढे घाटाकडे जुनी गाडीवाट आहे, लाकडाच्या गाड्यांखेरीज कुणी जात नाही, तुम्हाला रान दाखवतो. नशीब असेल तर वाघही दिसेल. हे ऐकलं आणि मी मनाशी ठरवलं, वाघ दिसलाच तर तो आधी मला दिसला पाहिजे. देवबागात तेव्हा वाघ पाहिलेला एकही माणूस नव्हता. वाघ पाहिलेल्या जावयाला मधली तुकडी नाकारण्याची कुणाची छाती झाली असती?

ठरल्या दिवशी साडू आणि मेव्हणी जीप घेऊन मालवणला आम्हाला न्यायला आले, पण सकाळपासून माझे ग्रह फिरलेले. इन्सुलीचा नाका गेला, बांद्याचा बाजार गेला, दोडामार्गाच्या पुढे लाल धुळीची वाट सुरू झाली, आणि साडू एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने दाखवत सुटला. ते बघा शेकरू. मी बघेपर्यंत नुसती फांदी हलत होती. ते धनेश. माथ्यावर कुणी करवत चालवावी तसा पंखांचा आवाज मी ऐकला, मान वर केली, तर डोळ्यांत उन्हाची तिरीप. तिकडे गवे उतरलेत पाण्यावर. बायको आणि मेव्हणी दोघी हरखून गेल्या, आणि मला दिसली पाण्यावरची वर्तुळं. दुपारपर्यंत मी हलत्या फांद्यांचा मोठा जाणकार झालो होतो. बायकोने दोनदा विचारलं, दिसलं ना हो? दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

एका वळणावर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली म्हातारी समोरून घाईघाईने आली. तिने हात वर करून जीप थांबवली आणि हळूच म्हणाली, "फुडे जाव नकात. वाटेर जनावर आसा."

आता इथे थोडं सांगायला हवं. आम्ही खाडीकाठची माणसं सापाचं नाव घेत नाही. घेतलं की तो येतो. म्हणून साप निघाला की आम्ही म्हणतो, जनावर निघालं. लहानपणापासून 'जनावर' हा शब्द कानावर पडला की माझे पाय आपोआप वर जातात, मग मी देवळात असो की दुकानाच्या गादीवर. साडूच्या डोंगरात मात्र सापाला सरळ किरडू म्हणतात, आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही तो वेगळाच असतो.

तेव्हा म्हातारीचा शब्द कानी पडताच मी दोन्ही पाय आसनावर घेतले आणि जीपच्या तळाशी बघू लागलो. आणि खरंच, तिथे ते होतं. पिंगट, जाडजूड, वेटोळं घालून बसलेलं. साडूने इंजिन बंद केलं आणि कुजबुजला, हलू नका. मी कशाला हलतोय! नजर काढली तर ते अंगावर येईल म्हणून पापणीही लववली नाही.

बायको देवबागचीच, तिलाही सापच वाटायला हवा होता. पण तिने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बहीण जिकडे बघत होती तिकडे पाहिलं. मी कुणाच्या तोंडाकडे बघण्याच्या अवस्थेत नव्हतो. बऱ्याच वेळाने तिने मला कोपराने ढोसलं.

"तुमी खाली काय बघतास?"

मी वर पाहिलं. वाटेच्या कडेची कारवी हलत होती.

वाघ समोर थोड्याच अंतरावर वाटेच्या मधोमध बसला होता म्हणे. आमच्याकडे बघून त्याने जांभई दिली आणि सावकाश उठून गेला. तळाशी होतं ते माझ्याच दुकानातलं सुंभ. गेल्या गणपतीला मीच साडूला भेट दिलेलं. वेटोळंही मीच घातलेलं.

परतीच्या वाटेवर मी जीपवर जळलो, डोंगरावर जळलो, म्हातारीवर जळलो. सगळ्यात जास्त पुढच्या रविवारच्या धास्तीने जळलो, कारण त्या रविवारी आम्ही सगळे देवबागला जेवायला जाणार होतो आणि गोष्ट सांगणार होता साडू. वर घेतलेल्या पायांसकट.

पानं मांडली, घरातले सगळे भोवती बसले. साडूने वाट सांगितली, म्हातारी सांगितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पयलो पडलो तो दादांच्या नजरेक." दादा म्हणजे मी.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. हातात कालवणाची वाटी. वाघ दिसायला कसा होता, असं त्यांनी मलाच विचारलं. आता न सांगून चालणार होतं? मी घसा साफ केला आणि जे डोळ्यांत बसलं होतं तेच तोंडातून आलं. पिंगट होता, जाडजूड होता, वेटोळं घालून बसला होता.

बायकोला ठसका लागला. मेव्हणी पाणी आणायला उठली ती आतच राहिली.

"तसोच बसता तो," साडू शांतपणे म्हणाला. "शेपटी पायांभोवती गुंडाळून घेता."

असा हा माणूस. वाघ त्याने पाहिला, आणि मनाचा मोठेपणाही माझ्याआधी त्यानेच उचलला. निदान त्यात तरी मला संधी द्यायची!

सासूबाईंनी सुरमईची मधली तुकडी माझ्या पानात वाढली. मी ती चवीने खाल्ली, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या पानातली थोडी मोठी दिसत होती.