ट्रॅक्टरचा पोळा

माझी लेक जपानी चित्रकथा वाचते, जुन्या काळच्या समुद्री लुटारूंची. काल तिने एक पान माझ्यापुढे धरलं. सरदारामागे ढाल घेऊन एक धिप्पाड माणूस उभा होता.

"आई, मला हाच आवडतो. सरदाराला कधीच सोडत नाही."

मला मात्र तामसीजवळच्या आमच्या गावचा, माझ्या लहानपणीचा एक पोळा आठवला. रंगवलेल्या शिंगांचा तो वार्निशचा वास, तोरणाखाली ताटकळलेले बैल. पहिला मान पाटलाच्या बैलांचा. पण त्या वर्षी पाटलाने बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता, म्हणून बाबांनी आमची जोडी पुढे काढली. तर माझा सख्खा मामाच काठी घेऊन आडवा आला. तो पाटलाकडे कामाला होता.

"भाऊजी, मांगं घ्या बैल. आदी मालकाचा टॅक्टर जाईन."

"टॅक्टरले झूल घालतं का रे? सरक तिकडं!"

लोक हसले. मामाने काठी आमच्या पवळ्याच्या शिंगावर हाणली. शिंग मोडलं, रक्त बैलाच्या डोळ्यात ओघळलं. तेवढ्यात पाटील ट्रॅक्टरवर आला. मामाने हात जोडले. पाटलाने त्याच्याकडे न बघता हॉर्न वाजवला, आणि मामाला बाजूला उडी मारावी लागली.

तेव्हा माझा सगळा राग पाटलावर होता. आता कळतं, त्याने मामाला काही सांगितलंच नव्हतं. ती काठी मामाने आपल्या मनाने आणली होती.

गेल्या वर्षी मामा वारला. तामसीची बस आमच्या दारावरून जाते. मी गेले नाही.