आज कोणाला घेऊन आलात?

म्हैसूरच्या अग्रहारात गंगाधरराव गेली चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवतात. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. पडद्याआड त्यांची बायको नागरत्ना टेप लावते आणि आकडे मोठ्याने सांगते, पडद्याबाहेर गंगाधरराव ते वहीत उतरवून घेतात. मागच्या दसऱ्याला चौतीस असलेली बाई यंदा बत्तीसवर आली, की ते पेन्सिल थांबवून विचारतात, "जेवण बरं चाललंय ना, अम्मा?" मग पडद्याआडून पुष्कळ काही बाहेर येतं.

या आकड्यांच्या जोरावर गंगाधरराव अर्धे डॉक्टर झाले होते. त्यांची कीर्ती सुरू झाली ती अंबाजीरावांपासून. अंबाजीराव शेजारचे, पोस्टातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर चार महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मुलं म्हणाली, वयच आहे. गंगाधररावांनी मात्र त्यांना शर्ट घालायला लावला, रिक्षात बसवलं आणि सरस्वतीपुरममधल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे, डॉक्टर भव्यांकडे नेलं. अंबाजीराव सहा महिन्यांत पुन्हा पेपर वाचून सरकारला शिव्या घालू लागले. त्यानंतर गोदावरीबाईंची बाळंतपणानंतर सारखी रडणारी सून, मग भजनी मंडळातले एक मृदंगवाले, असे आणखी दोघे गंगाधररावांनी तिकडे पोहोचवले.

तेव्हापासून गिऱ्हाइकांना ते ऐकवत, "दोन आठवडे झोप नाही, जेवणात चव नाही, आवडीच्या कामात मन नाही, तर सुम्ने गप घरात बसायचं नाही. सीधा डॉक्टरकडे जायचं. लाज कसली त्यात?" बायका मान डोलवत. गंगाधररावांनाही आपलं बोलणं फार पटे.

मागच्या वर्षी उगादीच्या पाडव्यानंतर त्यांची झोप गेली. पहाटे साडेतीनला डोळे उघडत ते उघडेच राहत. सकाळी टेबलावर कापड पसरलं, की खडू हातात धरून ते नुसते उभे राहत. कुठून सुरुवात करायची हे आठवे, पण सुरुवात होत नसे.

त्यांनी ठरवलं, दोष डोळ्यांचा आहे. नवा चष्मा केला. चष्म्यातून कापड स्वच्छ दिसलं, काम तेवढंच राहिलं. मग दोष ट्यूबलाइटचा निघाला. ती बदलल्यावर मशीनच्या पट्ट्याचा. नवा पट्टा बसवला, तेलपाणी झालं, आणि मशीन इतकं हलकं चालू लागलं की गंगाधररावांना त्याच्यासमोर बसायची आणखीच भीती वाटायला लागली. कुणीतरी मानेच्या मणक्याचं सुचवलं, म्हणून महिनाभर गळ्यात पट्टा घालून हिंडले. कुणी म्हणालं, कापायचं टेबल पूर्वेला तोंड करून हवं. टेबल हलवलं, तेव्हा मागच्या खोलीचं दार अर्धंच उघडायला लागलं आणि नागरत्ना दोन महिने कडेने अंग चोरून ये-जा करत राहिली.

शेवटी बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या महादेवाला जायचं ठरलं. सगळ्या पायऱ्या चढून ते दर्शन घेऊन आले. उतरताना गुडघा धरला. आठवडाभर गुडघा शेकताना त्यांना बरं वाटलं, कारण निदान विचारणाऱ्याला दाखवायला काहीतरी होतं.

नागरत्नाच्या सगळं लक्षात येत होतं. त्यांचे शर्ट खांद्यावरून उतरायला लागले होते. एकदा तिने हातात टेप घेऊन विचारलं, "अहो, जरा इकडे उभे राहता?"

"मला कशाला माप? ब्लाउज शिवणार आहेस का माझा?" ते म्हणाले.

"तीन महिने झाले. तुम्ही लोकांना दोन आठवडे सांगता."

"ते लोकांचं वेगळं," गंगाधरराव म्हणाले. "अंबाजीरावांची बायको गेली होती. त्या पोरीचं बाळंतपण झालं होतं. माझं काय झालंय? मुलगी बेंगळुरूत सुखात आहे. तू आहेस. घर आहे. कारण नको का काही?"

नागरत्नाने टेप गुंडाळून ठेवला.

आषाढातल्या एका दुपारी अदिती आली. ती पुण्याची, नोकरीसाठी म्हैसूरला येऊन स्थायिक झालेली. बहिणीच्या लग्नासाठी जरीकाठाचा रेशमी ब्लाउज तिने शिवायला टाकला होता. गंगाधररावांनी पिशवी उघडली आणि तिथेच थांबले. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या. शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात करतो ती चूक, आणि पुन्हा कापायला जरीचा काठ उरला नव्हता.

"काका, असू दे. दुसऱ्या कापडाच्या बाह्या लावू," अदिती म्हणाली.

ती रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ते स्टुलावर बसले आणि रडू लागले. आवाज न करता, हातात दोन डाव्या बाह्या घेऊन. अदिती घाबरून नागरत्नाला हाक मारायला आत धावली. दार अर्धंच उघडत होतं, त्यामुळे तिलाही तिरकं व्हावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. बाहेर रिक्षा होती. आदल्या संध्याकाळी नागरत्नाने त्यांना बोलावणं पाठवलं होतं.

"चला, गंगाधरराव."

"कुठे?"

"मला नेलं होतं तिथे. दोन आठवडे झोप नाही, जेवणात चव नाही..." अंबाजीराव पाठ केल्यासारखे म्हणायला लागले.

"पुरे," गंगाधरराव म्हणाले. स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते त्यांना फारच उपदेशी वाटलं.

दवाखान्यातल्या टेबलामागच्या मुलीने त्यांना लगेच ओळखलं. "बन्नी बन्नी, या ना, अंकल. खूप दिवसांनी. आज कोणाला घेऊन आलात?"

बाकावर गंगाधररावांच्या गिऱ्हाइकांपैकी दोन बायका बसल्या होत्या. दोघी त्यांच्याकडे आदराने बघत होत्या. मुलीने कागद पुढे केला. नावाच्या जागी त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, अंबाजीराव.

अर्ध्या तासाने नाव पुकारलं गेलं. अंबाजीरावांनी एकवार मित्राकडे बघितलं, उठले, आणि दंडाला धरून त्यालाही आत घेऊन गेले. "डॉक्टर, मी ठीक आहे," ते म्हणाले. "पेशंट हे आहेत. अक्षरही यांचंच." आणि दार लोटून बाहेर बाकावर जाऊन बसले.

डॉक्टर भव्या हसल्या नाहीत. त्यांनी झोपेचं, भुकेचं, कामाचं विचारलं. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारलं. गंगाधररावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मरावंसं नाही वाटत. पण सकाळ झाली नाही तर बरं, असं वाटतं." हे त्यांनी नागरत्नालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या की असं पुन्हा वाटलं तर दिवस मोजत बसायचं नाही, त्याच क्षणी घरात सांगायचं आणि इथे फोन करायचा.

"पण डॉक्टर, कारणच नाही काही," ते अजिजीने म्हणाले. जणू कारण आणलं नाही म्हणून परत पाठवतील.

"साखर वाढलेला माणूस आला, तर त्याला मी आधी कारण घेऊन या म्हणते का?" डॉक्टर म्हणाल्या. "कारण कधी सापडतं, कधी नाही. उपचार दोन्हीला आहेत."

गोळ्या सुरू झाल्या, शिवाय दर पंधरा दिवसांनी बोलायला जायचं ठरलं. औषध लागू पडायला काही आठवडे लागतील, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. तरी दहाव्या दिवशी गंगाधररावांनी गोळ्या निरुपयोगी असल्याचं जाहीर केलं. नागरत्ना पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली आणि गोळी गिळेपर्यंत हलली नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी अर्धवट राहिलेला ब्लाउज उचलला आणि जेवायच्या आत संपवला. नागरत्नाने त्या दिवशी भातावर तूप जरा जास्त वाढलं.

यात एक गंमत झाली. पूर्वी गंगाधरराव सल्ला देत, तेव्हा बायका ऐकत. आता "मी स्वतः गोळ्या घेतो" असं सांगून तोच सल्ला द्यायला लागले, तेव्हा काही जणी घाईने विषय बदलू लागल्या. दोघी-तिघी ब्लाउज नेताना दोन्ही बाह्या उलटसुलट करून बघत. गंगाधररावांना राग येई. तो त्यांनी डॉक्टरांना सांगितला. डॉक्टर म्हणाल्या, राग येतोय हे चांगलं आहे. यावर त्यांना आणखी राग आला.

दिवाळीनंतर ते नागरत्नाला बैलकुप्प्याला घेऊन गेले. तिबेटी लोकांचं सोन्याच्या मूर्तींचं देऊळ बघायचं ती अकरा वर्षं म्हणत होती. दोघांनी ते बघितलं, वाफेवरचे मोमो खाल्ले, नागरत्नाला ते आपल्या मोदकांपुढे काहीच नाहीत असं वाटलं. परतीच्या बसमध्ये हुणसूर गाव यायच्या आधीच गंगाधररावांची मान कलली आणि तोंड उघडं पडलं. तिकीट तपासायला आलेल्या कंडक्टरने वाकून बघितलं.

"यांना बरं नाही का, अम्मा?" त्याने कन्नडमध्ये विचारलं.

"बरं आहे," नागरत्ना म्हणाली. "झोपलेत." तिने त्यांच्या खिशातून दोन्ही तिकिटं अलगद काढून कंडक्टरला दाखवली, परत ठेवली, आणि खिडकीतून ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं म्हणून पदर आडवा धरून बसली.